एक बिल्ला, एक चहा

आमच्या कॉलेजात अर्थशास्त्राचे एक सर होते. सकाळी त्यांना 'कसे आहात सर?' असं विचारलं, की ते रुपया कसा आहे ते सांगायचे. "थोडा पडला म्याडम. पण धरून हाय." पहिला आठवडाभर मला वाटत होतं, यांच्या घरात कुणीतरी आजारी आहे. मी एकदा फार काळजीनं 'दवाखान्यात दाखवलं का?' असंही विचारलं होतं. त्यावर ते इतके खूश झाले, की पुढची कित्येक वर्षं प्रत्येक नव्या शिक्षकाला हा किस्सा माझ्यासमोर सांगायचे.

वारंगा फाट्याच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून आमचं ज्युनिअर कॉलेज. मी वसमतहून एसटीनं यायचे आणि मराठी शिकवायचे. सर जवळच्याच एका तांड्यावरचे. अंगानं किडकिडीत, खिशाला दोन पेनं, आणि स्कूटर अशी जुनाट की तिचा आवाज वळणावरून आला की शिपाई घंटेकडं निघायचा. मुलं त्यांना मागून 'गव्हर्नर' म्हणायची. नोटेवर सही असते तो गव्हर्नर. सरांना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. एरवी टोपणनावावरून पोरांना अंगठे धरायला लावणारे आमच्यात कमी नव्हते.

वर्गात गेल्यावर सगळे फळ्यावर डावीकडं तारीख लिहितात. सर उजवीकडं डॉलरचा भाव लिहायचे. मग खडू खाली ठेवून विचारायचे, "ह्यो भाव कुणी ठरवला?" सोयाबीन-हळद पिकवणाऱ्यांची पोरं ती. त्यांना काय ठाऊक? सर म्हणायचे, बरं, तुझ्या बापाच्या सोयाबीनचा भाव कुणी ठरवला? पोरगं म्हणायचं, जवळा बाजारच्या व्यापाऱ्यानं. "त्यानं व्हय? मंग भाव सांगायच्या आधी त्यो मोबाइल काहून बघतो?"

एकदा खरोखरच त्यांनी अख्खा वर्ग जवळा बाजारला नेला, तेही बाजाराच्या दिवशी, नुसतं व्यापारी मोबाइल कधी बघतो ते बघायला. व्यापारी बिचारा भांबावला. त्याला वाटलं कुठल्या तरी खात्याची तपासणी आली. त्यानं सगळ्या मुलांना भजी खाऊ घातली आणि सरांना खुर्ची दिली. परत आल्यावर प्राचार्यांनी सरांची खरडपट्टी काढली. सर म्हणाले, भजी वगळता सहल अभ्यासक्रमाला धरून होती.

हे वेड त्यांच्या रक्तातच असावं. त्यांच्या आज्याची एक गोष्ट ते दर वर्षी सांगायचे, आणि ती सांगताना मस्करी करायचे नाहीत. निजामाच्या राज्यात आपल्या मुलखाचा सिक्का वेगळा होता, हाली सिक्का. पैनगंगेच्या पलीकडं वऱ्हाडात इंग्रजांचा कलदार. आज्या बैलं विकायला नदीपल्याड जायचा. इकडचा रुपया तिकडं नेला की सराफ वटाव म्हणून काही आणे कापून घ्यायचा, कारण कलदार वजनदार. नदी तीच, बैल तोच, माणूसही तोच, पण काठ बदलला की खिशातला पैसा हलका व्हायचा. पुढं निजामाचं राज्य गेलं, काही वर्षांनी हाली सिक्काही बंद झाला. लोकांनी बदलून घेतले. आज्यानं नाही घेतले. आपला सिक्का परत येणार, असं तो म्हणत बसला. शेवटी आजीनं ते रुपये भोक पाडून गळ्यातल्या माळेत ओवले.

"निजाम चांगला होता असं मी म्हणत न्हाई," सर सांगायचे. "त्यो गेला ते बराबरच झालं. पण सिक्क्याला इमान लागतं. कुणीतरी म्हणावं लागतं, हा आणा, मी याच्या बदल्यात देतो. असं म्हणणारा गेला की मंग त्यो नुसता खुळखुळा."

हे झालं त्यांच्या वर्गातलं. आमच्या स्टाफरूममध्ये भांडण वेगळंच होतं, चहाचं. कॉलेजच्या फाटकासमोर मावशीचं हॉटेल होतं. मावशी म्हणजे गावातलीच बाई, नवरा वारल्यावर तिनं शेगडी मांडली ती मांडलीच. स्टाफचा चहा तिच्याकडून यायचा आणि महिनाअखेरीला हिशोबावरून महाभारत. कुणाचा उपास असतो, कुणी रजेवर असतो, कुणी पाहुण्याला पाजलेला चहा दुसऱ्याच्या नावावर टाकतो. एक दिवस सर उठले आणि म्हणाले, आजपासून आपण आपला सिक्का काढू.

फाट्यावर ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान आहे. तिथून त्यांनी स्टीलचे वायसर आणले, बोल्टाखाली घालतात ते. भांड्यांवर नावं टाकणाऱ्याकडून प्रत्येकावर एक 'च' कोरून घेतला. झाला बिल्ला. आम्ही सरांना पैसे द्यायचे, त्यांनी बिल्ले द्यायचे, पैसे आगाऊ मावशीकडं पोचवायचे. मावशीला बिल्ला दिला की चहा. नियम एकच, तो त्यांनी स्टाफरूमच्या भिंतीवर लावला: एक बिल्ला, एक चहा, फुल ग्लास. पुढं चहा महागला तर नवा बिल्ला नव्या दरानं मिळेल, पण जुना बिल्ला कधी बाद होणार नाही आणि त्याच्यावर वरचे पैसे मागितले जाणार नाहीत.

आम्ही हसलो. मी तर म्हटलं, सर, अर्थमंत्री कोण? पण बिल्ले चालले. कसे चालले विचारू नका. आधी पोरांनी घेतले, मग फाट्यावरच्या न्हाव्यानं सुट्या पैशांऐवजी घेतला, मग पानवाल्यानं. आपल्याकडं सुट्ट्यांची बोंब कायमचीच. एके दिवशी वसमत गाडीच्या कंडक्टरनं मला तिकिटाच्या मागं राहिलेले पैसे लिहून देण्याऐवजी खिशातून बिल्ला काढून हातावर ठेवला. मी ते सरांना सांगितलं तर त्यांनी ताबडतोब पेढे आणायला माणूस पाठवला. "म्याडम, सिक्क्यानं तालुका ओलांडला."

आमच्या खेळाच्या सरांनी एकदा खोटा बिल्ला केला, कंपासच्या टोकानं 'च' कोरून. मावशीनं तो ओळखून बाजूला ठेवला. आम्हाला वाटलं आता गव्हर्नर भडकणार. कशाचं काय, त्यांनी तो बिल्ला हातात घेऊन असा न्याहाळला जसं कुणी नातवाचं तोंड बघावं. म्हणाले, खोटा सिक्का निघाला म्हणजे आपला चालून राहिला. रद्दीची नक्कल कुणी करतं का? खेळाच्या सरांना त्यांनी पदरचा चहा पाजला.

पण जगाचं तिकडं काही ना काही चालूच होतं. कुठं लढाई, कुठं तेल महाग, कुठं परदेशातल्या कुठल्याशा बँकेनं व्याज वाढवलं. सर सकाळी येऊन सांगायचे, आता रुपया पडणार, डिझेल चढणार, मग दुधाचा टेम्पो. आम्ही म्हणायचो, आला हवामान खात्याचा अंदाज. आणि महिना-दोन महिन्यांत मावशी पाटीवरचा जुना दर पुसून नवा लिहायची. लोकांच्याही ते ध्यानात आलं. रुपया ठेवला की त्याचा चहा आटतो, बिल्ला ठेवला की आटत नाही. मग काय, लोकांनी बिल्ले वापरायचे सोडून साठवायला घेतले. आमच्या प्राचार्यांनी लोणच्याची बरणी भरून बिल्ले कपाटात ठेवले. मुलीच्या लग्नात मांडवात चहा यातूनच देईन म्हणायचे.

आणि मग ग्लास लहान झाला.

मावशीनं काही सांगितलं नाही. फक्त एका सोमवारी नवे ग्लास आले, बुडाला जाड, वर निमुळते. आम्हाला कळलंही नाही. सरांना पहिल्या घोटालाच कळलं. ते ग्लास घेऊन तडक हॉटेलात गेले, मी मजा बघायला मागोमाग. त्यांचा आवाज चढला होता. फुल ग्लास ठरलं होतं, न्हाई का? शब्द दिला होता की न्हाई?

मावशी पातेल्यातलं उतू जाणारं आवरत होती. तिनं आधी शेगडी बारीक केली, मग बोलली. "सर, साखर माजं ऐकत न्हाई. पत्ती ऐकत न्हाई. गॅसवाला तर दारात उभा ऱ्हाऊन दर सांगून राहिला. तुमी दिलेले पैसे तवाच खर्चून गेले, अन् बिल्ले आता येऊन राहिले. एक ग्लास तेवढा माजं ऐकतो."

वर्गात तीस वर्षं सर ज्या गोष्टीभोवती फिरत होते ती मावशीनं चहा गाळता गाळता सांगून टाकली होती, आणि ती ऐकून त्यांना आनंद झाला नाही, त्यांचा चेहरा उतरला. हातातला ग्लास खाली ठेवून ते एवढंच म्हणाले, की जुने ग्लास काढ. जुन्या बिल्ल्यावर जे कमी पडतंय ते दर महिन्याला मी देईन. लोकांना सांगायचं नाही.

मी तिथं होते म्हणून मला कळलं. पगारातून देत असणार असं मी धरून चालले. तसे ते एकटेच होते, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक परदेशात मोठ्या नोकरीला. ती पैसे पाठवते, पण मी हात लावत नाही, असं ते सगळ्यांना अभिमानानं सांगायचे. घराला बाहेरून गिलावा नव्हता. मी एकदा म्हटलं, सर, लेकीचे आहेत की, भिंती तरी लिंपून घ्या. तर म्हणाले, तिचा पैसा तिकडचा. आपण आपल्या सिक्क्यात भागवायचं. मला ते फार भारी वाटायचं. आमच्या घरी दीर आखातातून काही आणायचा तेव्हा मी सरांचं उदाहरण देऊन नवऱ्याची झोप उडवायचे.

मग रस्ता चौपदरी व्हायला घेतला. मोजणीची माणसं आली आणि मावशीच्या भिंतीवर लाल खूण करून गेली. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फाटाभर झालं, की हॉटेल जाणार, बिल्ले बुडणार. मी एसटीतून उतरले तर फाटकासमोर ही गर्दी. न्हावी आला होता रुमालात बिल्ले बांधून. पानवाला, ट्रॅक्टरवाले, ज्यांना मी उभ्या जन्मात पाहिलं नाही अशी शेजारगावची माणसं. आमचे प्राचार्य बरणी काखेत मारून रांगेत, आणि मला बघून ती बरणी छत्रीनं झाकायला लागले.

मावशीनं सगळी पातेली चढवली होती. लोक एक चहा प्यायचे, दुसरा प्यायचे, तिसऱ्याला तोंड वाकडं करायचे, पण बिल्ला संपवायचा म्हणून प्यायचे. एकानं घरून कळशी आणली होती. दुपारच्या आतच दूध संपलं. मावशीचं हॉटेल जायचं ते जायचंच, आणि लोकांसमोर ती लबाड ठरणार होती ते वेगळं. ती मला हळूच म्हणाली, "म्याडम, सरायला सांगा, माजं तोंड काळं होऊ देऊ नका."

आमचे खेळाचे सर तिथंच होते. ते म्हणाले, एवढी कशाला तकलीफ? जाहीर करून टाका, बिल्ला आजपासून बंद. नोटासुद्धा बंद होतात, इथं कोण विचारतो?

"म्हणून तर न्हाई," गर्दीतून वाट काढत आलेले सर म्हणाले. बस, एवढंच. आणि मोबाइल घेऊन हॉटेलामागच्या लिंबाखाली गेले.

फाट्यावरचा दूधवाला टेम्पो भरून द्यायला तयार होता, पण पैसे आधी मागत होता. ते सांगायला मी त्यांच्या मागं गेले. सरांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. पलीकडून लेकीचा झोपेतला आवाज आला. "बापू, चहाचेच ना? मागच्या महिन्यात पाठवलेले संपले?"

सरांनी मला पाहिलं. फोन बंद करता आला असता, केला नाही. "व्हय बाई. आज जरा जास्त पाठव. सगळे सिक्के परत येऊन राहिलेत."

ती हसली. तिला गंमत वाटत होती. "सिक्का तुमचा बापू, अन् डॉलर माझा?" असं म्हणून तिनं इकडच्या खात्यातून लगेच पाठवते म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

खोटं कशाला सांगू, मला आधी त्यांचा राग आला. या माणसाच्या जिवावर मी घरात भांडले होते. मग त्यांच्याकडं पाहिलं आणि राग गेला, नुसतं वाईट वाटलं. ते लिंबाच्या बुंध्याला पाठ लावून उभे होते, खिशातली दोन्ही पेनं उगाच नीट करत.

"म्याडम," ते म्हणाले, "मावशीनं ग्लास बदलला त्या दिवसापासून आपला चहा डॉलरवर चालून राहिला. पगार पुरत न्हवता. तिची नोकरी उद्या गेली असती तर इथला ग्लास लहान झाला असता. हे मला दिसत होतं, अन् मी वर्गात आपला सिक्का, आपला सिक्का म्हणून राहिलो."

मी म्हटलं, मग थांबायचं होतं की सर. त्यात काय कमीपणा होता?

"आज्याच्या हातात नुसता खुळखुळा राहिला, म्याडम. त्याला कुणी विचारलं न्हाई, तुझ्या रुपयाचं काय करायचं म्हणून. मी ह्या लोकायला शब्द देला होता. शब्द टिकवावा तर सिक्का आपला राहात न्हाई, सिक्का आपला ठेवावा तर शब्द जातो. मी शब्द ठेवला." मग नाक पुसून म्हणाले, "चला, दूधवाल्याला पैसे देऊ."

टेम्पो आला. सरांनी बाह्या दुमडल्या आणि बादलीवर बसून ग्लास विसळायला घेतले. अर्थशास्त्राचे प्राध्यापक ग्लास विसळताहेत म्हटल्यावर आम्हालाही बसवेना. मी गाळणी धरली, खेळाच्या सरांनी रांग लावली. एकेकाचा बिल्ला बादलीत पडायचा आणि फुल ग्लास हातात जायचा. ऊन उतरेपर्यंत रांग संपली. प्राचार्यांनी शेवटचे बिल्ले शिपायाला पाजले. कुणाचाही बिल्ला बुडाला नाही. लोक पोट धरून घरी गेले आणि जाताना म्हणत गेले, मास्तर खरा निघाला. सर ते ऐकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मावशीनं बादली त्यांच्यापुढं सरकवली आणि विचारलं, यांचं आता काय करू? सर म्हणाले, वायसर हायेत, वायसरचं काम करतील.

त्या वर्षीच ते निवृत्त झाले. लिंबाखालचं मी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी तसं बजावलं नव्हतं, पण सांगवलंच नाही. शेवटच्या तासाला त्यांनी फळ्यावर डॉलरचा भाव लिहिला नाही. मुलांनी विचारलं तर म्हणाले, तुमीच बघा मोबाइलवर, मला आता बघवत न्हाई.

रस्ता झाला. आता आमच्या फाटकासमोरून गाड्या अशा जातात की पलीकडचं माणूस ओळखू येत नाही. मावशीनं कडेच्या रस्त्याला पत्र्याचं नवं शेड टाकलं. काउंटरवर फोननं पैसे घ्यायची पाटी आहे, पैसे आले की एक डबी खणखणीत हिंदीत सांगते. दर पुसून पुसून पाटी काळवंडलीय. ग्लासही तेच निमुळते.

गेल्या उन्हाळ्यात मी तिथं उतरले तर बाकड्यावर सर. म्हातारे झालेत, पण खिशाला दोन पेनं होतीच. मी विचारलं, कसे आहात सर? त्यांनी रुपयाचं नाव घेतलं नाही. बोट वर केलं. मी वर पाहिलं. पत्र्याच्या प्रत्येक बोल्टाखाली एक वायसर, आणि प्रत्येकावर 'च'. वाऱ्यानं पत्रा हलत होता.

"धरून हायेत," सर म्हणाले.

एका ठिकाणी मात्र बोल्ट नव्हता, नुसतं भोक होतं. तिथून उन्हाचा रुपयाएवढा कवडसा खाली बाकड्यावर पडत होता. मावशी काउंटरवरून ओरडली, की म्याडम, तुमी तरी सांगा ह्यांना. एक वायसर कमी पडला, त्या भोकातून पावसाळ्यात माजं बाकडं भिजतं, अन् हे द्यायला तयार न्हाईत.

"दुसरा घाल की," मी म्हटलं. फाट्यावर वायसर काय कमी मिळतात?

सरांनी खिशात हात घालून एक बिल्ला काढला आणि काउंटरवर ठेवला. तिनं फळीमागून जुना, मोठा ग्लास काढला. तो एकच तिनं ठेवलेला दिसत होता. काठोकाठ चहा ओतला, आणि ग्लासाबरोबर बिल्लाही त्यांच्याकडं परत सरकवला. रोजचंच असावं, कारण दोघांपैकी कुणीही त्याकडं पाहिलं नाही.